गावाची खोली

देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत जवळजवळ प्रत्येक घराच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे आणि तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने एक आकडा घातलेला आहे. आमच्या ट्रंकेवर १७ आहे. सध्या आई तिच्यात आमसुले ठेवते, त्यामुळे कडी पार गंजली आहे. आजोबांच्या काळी मात्र हा आकडा हाच त्यांचा मुंबईतला पत्ता होता. लालबागच्या एका चाळीत आमच्या गावाची दहा बाय बाराची खोली आहे. तिच्या भिंतीलगत रचलेल्या ट्रंकांपैकी सतरावी त्यांची.

बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेल्या मुलाने थेट तिथे जायचे, मंडळाची वर्गणी भरायची आणि जेवण खानावळीत लावायचे. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून खोलीही तीन पाळ्यांत चाले. रात्रपाळीचा माणूस सकाळी परते, तेव्हा पहिल्या पाळीवाल्याची वळकटी गुंडाळून झालेली असे. एवढ्या जागेत तीस-पस्तीस माणसे कशी मावत असत, असे लोक विचारतात. ती एका वेळी कधीच मावत नसत. आजोबा या खोलीविषयी प्रेमाने बोलल्याचे मला आठवत नाही. ढेकणांविषयी मात्र ते सविस्तर बोलत.

खोली स्वस्त राहिली ती १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे, आणि मोडकळीस आली तीही बऱ्याच अंशी त्याच्यामुळेच, कारण गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती करण्याचा उत्साह कोणत्या मालकाला असणार? १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, तरी वाडीतली मुले मुंबईला जायची थांबली नाहीत. आता कोणी हॉटेलात कामाला आहे, कोणी सुरक्षारक्षक आहे, आणि पहिला पगार हाती येईपर्यंत अंग टाकायला त्यांना अजूनही तीच खोली लागते.

आता चाळीचा पुनर्विकास निघाला आहे. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांची घरे मिळाली, ती त्या कुटुंबांच्या हक्काचीच होती. आमची अडचण वेगळी आहे. भाडेपावतीवर गाव लिहिता येत नाही. तिथे माणसाचे नाव लागते, आणि आमच्या पावतीवरचे गृहस्थ वारून बरीच वर्षे झाली आहेत. नवे घर त्यांच्या वारसांच्या नावावर झाले, तर वारसांना आनंदच आहे, पण दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि आतले न्हाणीघर असलेल्या घरात सतरा क्रमांकाची ट्रंक कोण ठेवू देईल? न्यूयॉर्कमध्येही एकट्या माणसाने राहायच्या अशा खोल्या नव्याने बांधायला १९५५ साली बंदी झाली आणि हळूहळू जुन्याही उठल्या, असे वाचले, तेव्हा आमचे दुखणे फार दूरवर पसरले असल्याचे कळले. मला वाटते, वाचवायची ती ही पडकी चाळ नव्हेच. दरवाजावर एकाचेच नाव नसलेली, थोड्या पैशांत पाठ टेकू देणारी जागा नव्या इमारतीतही एखाद्या मजल्यावर ठेवायला हवी.

शिमग्यात देवळाच्या सभामंडपात यावर बैठक झाली. वारसांपैकी थोरले काका म्हणाले, "सही मी देतंय, पण खोली गावाचीच." धाकट्याने मान हलवली नाही. वहीत ठराव लिहायला घेतला, तोवर पालखी उठली आणि सगळे तिच्यामागे गेले. खजिनदारांनी तेवढ्यात माझ्याकडून यंदाची वर्गणी वसूल केली.