कोरडा पंप

मे महिन्यात नागपुरात कार्यक्रम ठेवायचा म्हणजे आधी कूलरवाल्याची तारीख घ्यायची, मग कलाकाराची. माझ्या कार्यक्रमात तर कलाकारच नव्हता. मंचावर एक टेबल, लॅपटॉप, आणि श्रोत्यांभोवती चारी बाजूंनी आठ स्पीकर. दिवे घालवून ऐकायचं, बस.

मी संगीत शिकवतो. पदवी सतारीची, पुढे रेकॉर्ड केलेल्या आवाजांतून रचना करायचा नाद लागला. मागे एका मुलाखतीत अशी एक रचना ऐकवली, तर पहिला प्रश्न आला, "राग कोणता?" दुसरा, "नोटेशन कुठाय?" नोटेशन नव्हतं. बढती पुढच्या वर्षावर गेली.

वर्गात मी सुरुवात पिएर शेफरपासून करतो. फ्रेंच रेडिओतला हा इंजिनीअर. 1948 साली पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर त्यानं आगगाड्यांचे आवाज घेतले आणि तबकड्यांवर त्यांची रचना बांधली. त्याचा हट्ट एकच : आवाज कशाचा आहे ते विसरा, कसा आहे ते ऐका. घंटेच्या टोलातला सुरुवातीचा ठोका त्यानं कापून टाकला, तर उरलेला नाद घंटेचा वाटेचना.

माझी त्या दिवशीची रचना अकरा मिनिटांची, सगळी आईच्या घरच्या कूलरवर उभी. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे मोटारीची गुणगुण त्याच्या दुप्पट, 100 हर्ट्झवर बसते. पेटीवर लावून पाहिलं : पांढरी पाच, खालच्या सप्तकातली, किंचित चढी. म्हणजे उन्हाळाभर अख्खं नागपूर एकाच सुराला धरून असतं! स्विचची खट आणि पंखा वेग घेतानाचा आवाज मी शेफरच्या चालीनं कापला. फक्त सातव्या मिनिटाला पंपाचा एक आवाज जवळजवळ जसाच्या तसा ठेवला. खरखरीत, मध्येच आवंढा गिळल्यासारखा. इतका सुंदर होता की हात लावावासा वाटेना.

दुपारी तालीम. बाहेर रस्ता भाजत होता. सभागृहाचे कूलर मी बंद करायला लावलेले, त्यामुळे आयोजक आधीच माझ्यावर खार खाऊन. कूलरवाला मागच्या खिडकीपाशी खसच्या ताट्या बदलत होता. सातवं मिनिट लागलं आणि तो हातातलं टाकून धावत आला.

"सर, पंप कोरडा चालून राह्यला! बंद करा, जळन ना तो!"

"भाऊ, कूलर बंदच आहेत. हा स्पीकरमधला आवाज आहे."

त्यानं स्पीकरकडे पाहिलं, मान तिरकी करून आणखी थोडं ऐकलं. "मंग रेकॉर्ड केला तवा कोरडा होता. टाकीत पाणी नव्हतं तुमच्या."

मी हसलो. मग हसू थांबलं. त्या दुपारी मी हेडफोन लावून कूलरच्या मागे बसलो होतो. आईनं आतून दोनदा काहीतरी म्हटलं होतं आणि मी ओठांवर बोट ठेवलं होतं. चार दिवसांनी पंप जळला. मी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडून नवा आणला होता.

शेफरचा सगळा डाव एका माणसानं ताटी बदलता बदलता उधळला होता. आणि खरं सांगू? इतक्या वर्षांत माझी रचना एवढ्या नीट कुणी ऐकली नव्हती.

संध्याकाळी चाळीसेक लोक आले. अंधारात घामाघूम होऊन ऐकलं त्यांनी. सातवं मिनिट बऱ्याच जणांना आवडलं. कुणाला पाऊस ऐकू आला, कुणाला रातकिडे. एका निवृत्त सरांना त्यात विरह दिसला. कूलरवाला स्विचबोर्डापाशी उभा होता. रचना संपल्याबरोबर, टाळ्यांच्याही आधी, त्यानं सगळे कूलर चालू केले. सभागृहभर पांढरी पाच लागली.

रात्री आईला फोन करून पंप कशानं जळला ते सांगितलं.

"मी दोनदा ओरडले होते ना बाप्पा, पाणी टाक म्हणून," ती म्हणाली.