पितळी पट्टीवरचे नाव

नाणे टाकून खेळायची जुनी जुगाराची यंत्रे जमवणारे आम्ही लोक एकत्र आलो की एका प्रश्नावर हमखास अडतो : हे यंत्र घडवले कोणी? विक्रेता दारावरच्या पितळी पट्टीकडे बोट दाखवतो आणि त्याच्या लेखी विषय तिथे संपतो. मला मात्र त्या पट्टीवर विसंबून राहणे पटत नाही, कारण ती यंत्र बनवणाऱ्याची असेलच असे नाही. ती ते विकणाऱ्याची, भाड्याने लावणाऱ्याची किंवा मधल्या काळात त्याची डागडुजी करणाऱ्याचीही असू शकते.

माझ्याकडच्या एका ‘ऑलविन’ यंत्राने हे मला शिकवले. ऑलविन म्हणजे भिंतीवर टांगायची लाकडी पेटी. पुढे काच आणि काचेमागच्या उभ्या पटावर चक्राकार मार्ग. खाचेत पेनी टाकली की पोलादी गोळी मोकळी होते, खेळणारा खटक्याने ती वर उडवतो आणि ती मार्गातून फिरत ओळीने मांडलेल्या वाट्यांपैकी एकीत पडते. वाटी जिंकणारी असेल, तर मूठ फिरवून बक्षीस घ्यायचे. ब्रिटनमधल्या समुद्रकिनाऱ्यांवरच्या खेळघरांत ही यंत्रे अनेक दशके चालली आणि १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान चलन आल्यावर जुन्या पेनीबरोबर त्यांचाही रोजचा वापर सरला. माझ्या यंत्रावर इंग्रज व्यापाऱ्याची पट्टी होती, खाच पेनीची होती, म्हणून मी नोंदवहीत ‘इंग्लंड’ असे लिहून मोकळा झालो होतो.

शंका आली ती नाण्याच्या खाचेमुळे. खाच असलेली धातूची पट्टी काढून उजेडात तिरकी धरली, तेव्हा खाचेच्या वरच्या भागाची कड यंत्राने कापल्यासारखी स्वच्छ आणि खालच्या भागाची कड कानशीच्या बारीक, एकमेकांना छेदणाऱ्या ओरखड्यांनी भरलेली दिसली. मूळची खाच लहान नाण्याची होती आणि कोणीतरी ती हाताने घासून जुन्या पेनीच्या सुमारे ३१ मिलिमीटर व्यासाइतकी वाढवली होती. ओरखडे नसलेल्या भागावरून मूळ माप साधारण २१ मिलिमीटरचे निघाले, आणि जर्मनीचे त्या काळातले दहा फेनिगचे नाणे २१ मिलिमीटरचे होते. लाइपझिगच्या येंच अँड मेर्झसारख्या कारखान्यांची आणि पॅरिसच्या ब्यूसोझची यंत्रे ब्रिटनमध्ये येत असत, हे ध्यानात घेतले तर यात आश्चर्य काही नाही. फ्रेंच यंत्र ओळखणे तर आणखी कठीण, कारण फ्रान्सचे जुने दहा सांतिमचे ब्राँझ नाणे ३० मिलिमीटरचे होते. अशी खाच पेनीसाठी जेमतेम घासावी लागते आणि पुरावा जवळजवळ उरतच नाही.

मग मी स्क्रूंकडे वळलो आणि तिथे माझी मोठी चूक झाली. नाणेमार्गाच्या कडीचा एक स्क्रू कॅलिपरने मोजला, तर व्यास बरोबर ६ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधले अंतर बरोबर १ मिलिमीटर आले. मेट्रिक माप सापडले, यंत्र जर्मन ठरले, असे मी एका ज्येष्ठ संग्राहकांना कळवलेही. त्यांनी एवढेच विचारले, “आट्यांचा कोन मोजलात का?” ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेने १८८४ साली लहान स्क्रूंसाठी जी मापे ठरवली, त्यांतल्या शून्य क्रमांकाच्या स्क्रूचा व्यास ६ मिलिमीटर आणि आट्यांतले अंतर १ मिलिमीटरच आहे, फरक कोनात आहे. मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा असतो, तर या ब्रिटिश आट्यांचा ४७.५ अंशांचा. भिंगाखाली गेज लावून पाहिले आणि माझा स्क्रू ब्रिटिश निघाला. पुढे विचार केल्यावर त्याची संगतीही लागली, कारण तो नेमका खाच वाढवताना बदललेल्या भागात होता.

गोळीच्या मार्गाचे स्क्रू कोणी कधी खोललेले दिसत नव्हते. त्यांच्या खाचांत जुनी वंगणाची काजळी घट्ट बसली होती. ते ५ मिलिमीटर व्यासाचे आणि ०.८ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे निघाले. ब्रिटिश मालिकेतला जवळचा स्क्रू ४.७ मिलिमीटरचा, त्याची नट यांवर बसेना. उलट दिशेने मात्र सावध राहायला हवे : व्हिटवर्थ या इंग्रज मापपद्धतीचे ५५ अंशांचे आटे दिसले म्हणून यंत्र इंग्रजच असे म्हणता येत नाही, कारण तेच आटे जर्मनीतही दीर्घकाळ सर्रास वापरले जात होते. शेवटी पट मागून सोडवला तेव्हा लाकडावर पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा दिसला. त्यातल्या साताला मधोमध आडवी रेघ होती आणि एकाला वर लांब तिरका फाटा, जसे युरोपखंडात लिहितात तसे. तो कागदोपत्री पुरावा नव्हे, हे मला कळते. पण एकट्याने दुबळे असलेले तीन-चार पुरावे एकाच दिशेला बोट दाखवू लागले, की त्यांना एकत्र वजन येते.

कागद मिळणे या क्षेत्रात फार अवघड आहे. हा धंदा बहुतेक ठिकाणी कायद्याच्या कडेकडेने चालला. न्यू यॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी १९३४ मध्ये जप्त केलेली यंत्रे घणाने फोडून समुद्रात बुडवली. १९५१ च्या जॉन्सन कायद्याने अमेरिकेत राज्याराज्यांमधली त्यांची वाहतूक रोखली. सर्वांत प्रसिद्ध यंत्राचीही जन्मकथा वादातीत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे यांच्या तीन रिळांच्या ‘लिबर्टी बेल’चे साल कुठे १८८७, कुठे १८९५, तर कुठे १८९९ छापलेले आढळते. त्यांचा कारखाना १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेला. पुढच्या वर्षी शिकागोच्या मिल्स कंपनीचे त्याच नावाचे, त्याच धर्तीचे यंत्र बाजारात आले. फे यांचे एक यंत्र एका मद्यगृहातून चोरून मिल्सकडे पोहोचवले गेले, अशी कथा संग्राहक सांगतात; ती खरी धरली, तर ‘मिल्स’ अशी ओतीव अक्षरे असलेल्या यंत्राचाही खरा जनक दुसराच ठरतो.

यांत हेतुपुरस्सर नकलांची भर पडते, आणि तिथे मला खरोखर राग येतो. १९३० च्या दशकातल्या अमेरिकी यंत्रांचे ॲल्युमिनियमचे दर्शनी भाग मूळ भागाचाच साचा करून नव्याने ओतले जातात, नवी पेटी जुन्या रंगात रंगवली जाते आणि संपूर्ण वस्तू ‘मूळ’ म्हणून विकली जाते. अशी नक्कल डोळ्यांना फसवते, पण मापाला फसवत नाही. ॲल्युमिनियम थंड होताना साधारण एक टक्क्याहून थोडे अधिक आकुंचते, त्यामुळे मूळ भागावरून ओतलेला ४०० मिलिमीटरचा भाग चार-पाच मिलिमीटर आखूड भरतो आणि त्यावरची नक्षी कडांना बोथट दिसते. १९१० चे म्हणून विकायला ठेवलेल्या यंत्रात फुलीच्या डोक्याचा स्क्रू दिसला, तर तोही नंतरचा, कारण ते स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले. एखादा स्क्रू बदलणे ही साधी दुरुस्ती असते. सगळेच तसे असतील, तर विक्रेत्याकडून स्पष्टीकरण मागणे हा विकत घेणाऱ्याचा हक्क आहे आणि ते मागताना संकोच वाटता कामा नये.

माझ्या नोंदवहीतली ‘इंग्लंड’ ही नोंद मी खोडली. आता तिथे ‘घडण युरोपखंडातील, बहुधा जर्मन, पेनीसाठी इंग्लंडमध्ये बदललेले, पट्टी व्यापाऱ्याची’ असे लिहिले आहे आणि खाली सगळी मापे दिली आहेत, म्हणजे माझ्यानंतर यंत्र ज्याच्या हाती जाईल त्याला माझा निष्कर्ष तपासता येईल. व्यापाऱ्याची पट्टी दारावर होती तिथेच आहे. खाचेच्या कडा घासून एकसारख्या करून देतो, असे एका कारागिराने सुचवले होते. मी त्याला नको म्हटले.