वाढवण्याआधी, हरवलेली अश्वशक्ती

माझी गाडी साधी पेट्रोल, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) नसलेली आणि भरपूर धावलेली. चढावर ओढ कमी वाटायला लागली, तेव्हा ताकद वाढवून घ्यायचं ठरवलं. पण सुटे भाग घेण्याआधी गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्रावर चढवली, आणि पुढचं सगळं काम त्या आलेखावरूनच ठरलं.

डायनो ताकद चाकांवर मोजतो. कंपनीचा आकडा क्रँकशाफ्टवरचा, म्हणजे थेट इंजिनच्या फिरत्या दांड्यावरचा. गिअरबॉक्स आणि टायर मिळून त्यातली साधारण 10 ते 15 टक्के खातात. ती वजावट धरूनही तूट उरत होती, आणि ती वरच्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) जास्त होती. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि फेऱ्यांचा गुणाकार. 100 न्यूटन-मीटर टॉर्क 3000 आरपीएमला सुमारे 42 अश्वशक्ती देतो. तोच 6000 पर्यंत टिकला तर 84. माझ्या गाडीत तो टिकतच नव्हता.

मेकॅनिकने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते बघितलं, एका सिलिंडरचं कमी भरलं. मग त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील असा पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडली आणि कान लावला. इतकी साधी आणि इतकी नेमकी तपासणी मी दुसरी पाहिलेली नाही. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, इनटेककडून (हवा आत येण्याच्या वाटेने) आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. आमच्याकडे सायलेन्सर फुसफुसला. हेड उतरवून व्हॉल्व्ह सीटवर नीट घासून बसवले, गॅस्केट नवीन टाकलं, प्लग आणि एअर फिल्टर बदलले. बरीचशी तूट एवढ्यानेच भरून निघाली.

खरी वाढ त्यापुढची, आणि तिथे सगळा खेळ हवेचा. पेट्रोल हवं तेवढं सोडता येतं, ते जाळायला ऑक्सिजन पुरला पाहिजे. हवा 10 अंशांनी तापली की सुमारे 3 टक्के विरळ होते, म्हणून इनटेकचं तोंड बॉनेटखालच्या गरम हवेतून काढून पुढच्या जाळीपाशी नेलं. नंतर ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं मॅपिंग, त्यातले पेट्रोल आणि ठिणगीचे आकडे बदलणं. एरवी हवा-पेट्रोलचं प्रमाण 14.7 ला 1 असतं, पूर्ण थ्रॉटलला जास्तीत जास्त ताकद 12.5 ते 13 च्या आसपास मिळते. आमचं मिश्रण त्याहून रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं होतं, ते जागेवर आणलं. टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, थोडं पुढे घेतलं, नॉकिंगपासून (मिश्रण आपोआप पेटून ठोके बसण्यापासून) सुरक्षित अंतर राखून. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल इथे कामी येतं, कारण ते नॉकिंग लांबवतं. टायमिंगला हात न लावता नुसतं ते भरून माझ्यासारख्या इंजिनात काही हाती लागत नाही.

मॅपिंगने मिळालं ते मोजकंच, बिनटर्बो इंजिनात तेवढंच मिळतं. टर्बो बसवायचा सल्लाही आला. पण मग पिस्टन, क्लच, कूलिंग, ब्रेक सगळंच त्या ताकदीचं करावं लागलं असतं, आणि मला गाडी रोज चालवायची आहे. आता ती चढावर तिसऱ्या गिअरमध्ये निघते.