एमजीबीचे ब्रेक पाइप: पोलाद, तांबं की कुनिफर?

१९७१ची एमजीबी रोडस्टर घेतली, तेव्हा डोक्यात फक्त इंजिन, हूड आणि रंग होता. घरी पुण्याला फोनवर 'एमजी घेतली' म्हटलं तर 'हेक्टर का?' असं विचारलं गेलं. ही त्याच्या कितीतरी आधीची, ऑक्सफर्डशायरमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातली, दोन माणसांची उघडी गाडी. १९६२ ते १९८० या काळात एमजीबी बनत होती. मी राहतो इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये. इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात आणि ते चाकांबरोबर उडून गाडीच्या पोटाला चिकटतं. पुढचं सगळं रामायण त्या मिठाचं.

गाडी स्टँडवर चढवली आणि खाली सरपटलो. पेडल दाबलं की ब्रेकचं तेल पुढे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा लांब पाइप वरवर ठीकठाक दिसत होता, कुणीतरी त्यावर काळा रंगही मारलेला. एका क्लिपची पट्टी स्क्रूड्रायव्हरने उचलली, तर खाली पाइप फुगलेला आणि खवले धरलेला. नख लावलं तसा पापुद्रा सुटून हातात आला. क्लिपखाली चिखल अडकतो, चिखलात ओल राहते आणि गंज नेमका तिथेच खातो जिथे तो दिसत नाही.

इथल्या एमओटीत, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे का हे बघणाऱ्या सक्तीच्या तपासणीत, पाइपच्या भिंतीची जाडी गंजाने एक-तृतीयांश कमी झाली तर गाडी नापास होते. एक-तृतीयांश म्हणजे किती, तर साधारण पाव मिलिमीटर! आता ४० वर्षांपुढच्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना २०१८पासून एमओटी माफ आहे. पण माफी आहे म्हणून पाइप कमी गंजत नाही. शिवाय माझ्या गाडीला ब्रेकचं एकच सर्किट. एका जागी पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला, हातात उरतो तो हँडब्रेक. त्यामुळे एखादा तुकडा बदलण्यापेक्षा सगळेच पाइप नवे टाकायचे, एवढं तिथेच गाडीखाली ठरलं. प्रश्न राहिला कशाचे टाकायचे.

मूळचे पाइप पोलादी. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी दुहेरी गुंडाळून, भट्टीत तापवून जोडतात आणि त्याचा पाइप होतो. मजबुतीला तोड नाही, आणि गाडी अगदी कारखान्यातून निघाली तशी हवी असेल तर हाच खरा. पण गंजणार तोही, आणि मला हे काम पुन्हा करायचं नव्हतं. दुसरं टोक म्हणजे स्टेनलेस स्टील. दिसायला राजेशाही, मिठाला दाद देत नाही. मला सुरुवातीला तेच हवं होतं.

तांबं ही ब्रिटनमधल्या घरच्या घरी गाडी दुरुस्त करणाऱ्यांची जुनी आवड. हाताने वाकतं, स्वस्त मिळतं, गंजत नाही. मात्र तांबं वाकवलं, सरळ केलं, परत वाकवलं की दर खेपेला कडक होत जातं. लांब पाइप मध्ये आधार न देता लोंबता ठेवला आणि गाडीच्या थरथरीने सतत हलत राहिला, तर पुढे तडा जाण्याची भीती. मग कुनिफर: ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल, जोडीला थोडं लोखंड आणि मँगनीज. समुद्राचं पाणी खेळवणाऱ्या जहाजातल्या नळ्यांसाठी वापरात असलेला हा धातू. व्हॉल्व्होने १९७६पासून तो आपल्या गाड्यांच्या ब्रेक पाइपांना वापरला.

आमच्या गल्लीत एक निवृत्त मेकॅनिक राहतात. त्यांना मी गंज, दाब, मजबुती असं सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नवा पाइप मध्ये कुठे फुटत नाही रे. गळतो तो टोकाला. ज्या धातूचं टोक तुला नीट फुलवता येईल, तो घे." फुलवणं म्हणजे पाइपचं तोंड हत्याराने पसरवणं, म्हणजे नट आवळला की ते जोडात घट्ट बसतं. स्टेनलेसचा विषय तिथेच संपला. ते टोक फुलवायला चांगलं महाग हत्यार लागतं, धातू कडक असल्याने कडेला चीर पडू शकते आणि चीर नाही पडली तरी ते जुन्या जोडाच्या बैठकीवर सहज बसत नाही. तांबं आणि कुनिफर यात मी कुनिफर निवडला. वाकवायला किंचित जड, पण पोलादापेक्षा कितीतरी नरम. आणि रंग तांब्यासारखा लालभडक नसतो, त्यामुळे जुन्या गाडीखाली डोळ्यांत खुपत नाही.

३/१६ इंची पाइपचा २५ फुटी रोल आणला. पाइप कटरने, घाई न करता कापायचा, आतली कड साफ करायची आणि नट आधी ओवायचा. नट सगळेच विसरतात असं ऐकलं होतं, म्हणून कागदावर मोठ्या अक्षरांत 'नट?' लिहून वाइसवर चिकटवलं. नर नटाला (आटे बाहेरून) पाइपचं टोक एकेरी, बाहेर फुगलेलं. मादी नटाला (आटे आतून) दुहेरी, आत वळलेलं. आटे ३/८ इंची, इंचाला २४. इथे सावध राहायला हवं, कारण दुकानात १० मिलिमीटरचे मेट्रिक नट आणि जोड शेजारीच ठेवलेले असतात आणि नजरेला सारखेच दिसतात. ३/८चा नट १० मिलिमीटरच्या भोकात ढिला बसतो, तरी आवळल्यासारखा वाटतो. मी प्रत्येक नट आधी बोटांनी फिरवून पाहिला, मगच पाना लावला.

जुने पाइप टाकून दिले नव्हते. तेच साचे म्हणून जमिनीवर ठेवले आणि नवे त्यांच्या बरहुकूम, एकेक वळण एकदाच देत वाकवले. क्लिपमध्ये पाइपवर रबराची नळी चढवली. रबरी होज मात्र रबरीच ठेवले. स्टीलच्या जाळीचे दिसतात झकास, पण जाळीखाली काय चाललंय ते कळत नाही; रबराला भेगा पडल्या तर डोळ्यांना दिसतात.

डॉट ४ ब्रेक ऑइल भरून हवा काढली. ते रंगावर सांडलं की रंग उठतो, म्हणून पाण्याची बादली हाताशी. मग सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडी पट्टी दाबून बसवली आणि रात्रभर पेडल तसंच ठेवलं. सकाळी प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर लावून पाहिला. मागच्या अ‍ॅक्सलवरच्या तिकाटण्याला कागद ओला झाला. नट थोडा ढिला केला, परत आवळला, असं काही वेळा केलं. नरम टोक बैठकीवर बसत गेलं आणि दुसऱ्या सकाळी कागद कोरडा निघाला. स्टेनलेस असतं तर तो तुकडा मला बहुधा नव्याने करावा लागला असता.

माफी असूनही गाडी एमओटीला नेली. तपासणाऱ्याने टॉर्च घेऊन पाइप शेवटपर्यंत पाहिला, क्लिपांवर बोट फिरवलं. ब्रेकचा जोर मोजणाऱ्या रोलरवर पुढची दोन्ही चाकं समान भरली, मागचं डावं जरा कमी. तो दोष ड्रममधल्या शूजचा आहे, पाइपचा नाही; नवे शूज मागवलेत.