पंखाखालचा अंगठा

चंदिगडला 26 सप्टेंबर 2025 रोजी हवाई दलाच्या मिग-21 लढाऊ विमानांना निरोप देण्यात आला, आणि त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मी माळ्यावरचा बुटांचा खोका खाली काढला. खोक्यात माझे 1/72 मापाचे, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढे, प्लॅस्टिकचे मिगचे मॉडेल होते. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत जेमतेम दहा सेंटीमीटर, नाकाची नळी तुटलेली, शेपूट किंचित डावीकडे कललेली. ते दहाव्या वर्षी जोडलेले होते आणि तसे दिसतही होते. त्याचे राहून गेलेले दोष आता तरी काढावेत, एवढाच माझा हेतू होता.

नाशिकच्या पोराच्या हाती मॉडेल आले, तर ते मिगचेच असणार. बाबांचा सारा उमेदीचा काळ ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात, गेला. मिग बांधण्यासाठीच 1964 साली उभा राहिलेला तो कारखाना. दिवसभर खऱ्या विमानाला रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या, मारून आलेला माणूस संध्याकाळी हातपाय धुऊन माझ्या प्लॅस्टिकच्या विमानाकडे ज्या नजरेने पाही, त्या नजरेत कौतुकापेक्षा तपासणीच अधिक असे. चुकीचा रिव्हेट बसला तर त्याचे डोके ड्रिलने उडवायचे, दांडा ठोकून बाहेर काढायचा आणि भोक मोठे झाले असेल तर पुढच्या मापाचा रिव्हेट घालायचा, हे मला पाढ्यांबरोबरच पाठ झाले होते. पण त्याच्याही आधीची एक पायरी होती. "आधी हत्यार खाली ठेव. मग बघ, काय झालंय ते."

ही पायरी मला कधीच जमली नाही, आणि मॉडेलच्या गोंदाला नेमकी तीच लागते. मुळात तो गोंद नव्हेच. संक्रांतीला फाटलेल्या पतंगावर आपण भाताची शिते चोळतो, तेव्हा शीत दोन कागदांच्या मध्ये बसते. येथे मध्ये कोणीच बसत नाही. त्यातला द्रावक मॉडेलच्या प्लॅस्टिकचा, म्हणजे पॉलिस्टायरिनचा, पृष्ठभाग विरघळवतो, दोन्ही काठ एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. त्यामुळे चूकही विमानाचाच भाग होऊन बसते. पंखावर थेंब सांडला की हात आपोआप पुसायला धावतो, आणि मऊ पडलेल्या प्लॅस्टिकवर पत्र्यांच्या जोडांच्या ज्या केसासारख्या रेघा असतात, त्या शाईसारख्या फिसकटतात. तो थेंब तसाच सोडून एक दिवस वाळू द्यावा, प्लॅस्टिक पुन्हा कडक झाले की पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने हलके घासावे, आणि बुजलेली रेघ सुईने पुन्हा ओढावी. वाट पाहण्याचे चोवीस तास आणि कामाची दहा मिनिटे, असा हा हिशेब आहे.

वाकड्या बसलेल्या पंखाचेही तसेच. दोन-चार मिनिटांत लक्षात आले तर बोटाने सरळ होतो. उशीर झाला असेल, तर सांध्यावर पातळ द्रावकाचा ब्रश फिरवून तो मुरू द्यायचा आणि मग ब्लेडचे पाते, आंबा कापताना कोयीच्या कडेने सुरी सरकवतो त्या बेताने, आत घालायचे. राहिलेली फट भरायला बरेच जण मोटारींच्या गॅरेजमधली लांबी, म्हणजे पुट्टी, वापरतात. मी मात्र स्प्रूचे, म्हणजे मॉडेलचे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे, उरलेले बारीक तुकडे द्रावकात विरघळवून त्याचा दाट लगदा करतो, कारण विमानाची जखम विमानाच्याच मांसाने भरलेली बरी वाटते. किराणा दुकानात पानपट्ट्यांशेजारी लटकणाऱ्या चिमुकल्या ट्यूबमधला झटपट गोंद म्हणजे सायनोअॅक्रिलेट, आणि त्याचे शास्त्र निराळे आहे. तो थंडीत ठिसूळ होतो, म्हणून त्याने चुकीचा चिकटलेला भाग काही तास फ्रीझरमध्ये ठेवून हलकेच पिळला, की बरेचदा कट् करून सुटतो. मटारच्या पिशवीशेजारी निजलेले लढाऊ विमान पाहून घरच्यांनी आता विचारणेही सोडले आहे.

त्याच गोंदाची वाफ कॅनॉपीच्या, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, पारदर्शक प्लॅस्टिकवर धुके धरते. ते घालवायला 2000 नंबरचा वॉटर पेपर, त्यानंतर त्याहून बारीक, आणि शेवटी दात घासायची पेस्ट एवढी आराधना करावी लागते. म्हणून कॅनॉपीला मी फक्त फेविकॉल लावतो. सुताराचा हा पांढरा गोंद वाळल्यावर जवळजवळ दिसेनासा होतो आणि ओला असेतो पाण्याने निघतो. शितांच्या जवळचा काय तो तोच. माझे आणखी एक खूळ म्हणजे, द्रावकाच्या बाटलीचे झाकण लावल्याशिवाय मी फोन उचलत नाही, मग तो कोणाचाही असो.

तर त्या दुपारी मी शेपूट सरळ केली, नाकाची फट भरली आणि पालथे केलेले विमान खिडकीच्या उजेडात धरले. डाव्या पंखाखाली, सांध्याला लागून, प्लॅस्टिकमध्ये उमटलेला एक ठसा होता. रेषा अगदी स्पष्ट होत्या. घासायला वॉटर पेपर भिजवला, आणि सहज म्हणून माझा आजचा अंगठा त्यावर ठेवून पाहिला. ठसा त्याहूनही थोडा रुंद निघाला. दहा वर्षांच्या मुलाचा तो असणे शक्यच नव्हते.

बाबा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. मी विमान आणि भिंग दोन्ही त्यांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिले, पंखाची कड नखाने चाचपली, शेपटीकडे एक डोळा बारीक करून नजर टाकली.

"तुझाच आहे," ते म्हणाले. "मी ओल्याला हात लावत नसतो."

आणि विमान मला परत देताना त्यांनी ते डाव्या पंखाखाली अंगठा धरूनच दिले. वॉटर पेपर मी पिळून वाळत घातला.