परत जायचंय का?

नाशिकला शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटात स्वेटरचा भाव करता करता मी दुकानातल्या मावशींना विचारूनच टाकलं, "परत जायचंय का?" त्या जॅकेटची चेन लावून बघत होत्या. म्हणाल्या, "जाना तो है. पर मैंने देखा कहाँ है?"

वडील 1959 नंतर तिबेटातून हिमालय ओलांडून आले. ह्यांचा जन्म कर्नाटकात, बायलकुप्प्याच्या वसाहतीत. 1 जुलै 1987 च्या आधी भारतात जन्मलेल्याला कायद्याने नागरिकत्व मिळतं, पण मावशींनी कधी मागितलंच नाही. वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तो कागद घेणं म्हणजे त्यांना फसवल्यासारखं वाटतं म्हणे. मुलगा बंगळुरूला नोकरीला. त्याला ल्हासा नाही, कॅनडा दिसतो. ह्यावर मायलेकांची भांडणं होतात, हेही त्यांनी न विचारता सांगितलं.

"एवढंच आहे तर जात का नाहीत?" असं आमच्याकडे सर्रास बोलतात. जाऊन बघा की जरा!

आणि शरणपूरला हा प्रश्न काही नवा नाही. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथल्या मिशनमध्ये शिकली, सुतारकाम-लोहारकामात तयार झाली. त्यांतलाच जेकब वेनराइट 1874 मध्ये आफ्रिकेत वारलेल्या लिव्हिंगस्टन ह्या ब्रिटिश मिशनरी-संशोधकाच्या शवासोबत इंग्लंडला गेला. पुढच्याच वर्षी आजच्या केनियात, मोम्बासाजवळ, सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रीअर टाउन वसलं आणि नाशिकची बरीच मंडळी तिकडे राहायला गेली. कागदोपत्री ती 'परतली'. पण ज्या गावांतून त्यांना पळवलं होतं, ती बहुतेकांची आत कुठेतरी, किनाऱ्यापासून खूप लांब होती.