तुम्ही विचारलंत म्हणून : पिकअपवर ती कमान कशाला?

नारायणगावच्या मार्केटात गाडी लावली की कुणी ना कुणी विचारतंच, "शेठ, ही मांडवाची कमान गाडीवर कशाला? खरंच ॲव्हरेज वाढतं का?" वाढतं. पण सगळ्या रस्त्यांवर नाही, आणि जास्त वाढतं ते गाडी रिकामी येताना. एवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही, म्हणून जरा सविस्तर.

वाशीला टोमॅटो उतरवून येताना हौद्यात रिकामे कॅरेट असतात. वजन भरल्या मालाच्या जेमतेम दहावा हिस्सा. तरी डिझेल त्या मानानं कमी होत नाही, ही रड प्रत्येक गाडीवाल्याची. वजन उतरलं तरी आकार तोच राहतो ना! केबिनच्या वर हातभर चढलेली चौकोनी थप्पी आणि तिच्यावर फडफडणारी ताडपत्री. चाकांचा हिशेब वजनावर चालतो, हवेला वजनाशी देणंघेणं नाही. वेग दुप्पट झाला की हवेची ओढ चौपट होते. ताशी ४० ला ती जाणवत नाही. ८० ला रिकाम्या पिकअपमध्ये चाकांपेक्षा हवाच जास्त जोर मागते.

म्हणून आधी मी उलट विचारतो, गाडी कुठून जाते? आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण असा रस्ता असेल तर कमान घरीच ठेवा. त्या वळणांवर वेगच येत नाही, हवेचं काय बिघडणार? चाकण-तळेगाववरून द्रुतगती मार्गाला लागत असाल तर पुढचं वाचा.

समोर काहीतरी टोकदार लावावं, असं बहुतेकांना वाटतं. टोक नको, गोलाई हवी. १९७० च्या दशकात अमेरिकेत नासाच्या ड्रायडन केंद्रात एडविन सॉल्ट्झमन नावाचे इंजिनिअर सायकलनं कामावर जायचे. शेजारून मोठा ट्रक गेला की हवा त्यांना आधी बाहेर ढकलायची, मग आत ओढायची. त्यातून प्रयोग सुरू झाला. एका व्हॅनवर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून तिचा मुद्दाम काटकोनी खोका केला, ती वेगात नेऊन न्यूट्रलला सोडली आणि किती लवकर मंदावते ते मोजलं. मग कडा गोल करून पुन्हा मोजलं. पुढच्या कडा गोल केल्यावर हवेची ओढ जवळपास निम्म्यावर आली. इंजिनाला हातही न लावता!

(न्यूट्रलचा विषय निघालाच आहे, तर बोरघाटात उतारावर न्यूट्रल टाकणाऱ्यांना सांगतो. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की आताच्या डिझेल इंजिनात इंधन बंद होतं. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला मात्र जातच राहतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. वाचत काहीच नाही, जीव तेवढा टांगणीला.)

आता माझी कमान. सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरला आणि थप्पीच्या पुढच्या वरच्या कडेवर बसवला, म्हणजे केबिनवरून आलेली हवा काटकोनावर फाटत नाही. कॅरेट पुढे उंच आणि मागे एकेक थर कमी लावायचे. त्यावर मंडपवाल्याकडून वाकवून घेतलेल्या तीन जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपच्या कमानी, पुढची मोठी आणि मागची लहान. वरून ताडपत्री, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी ताणून. पट्टीची खुबी अशी की दोर वाऱ्यानं सैल पडतो आणि कापड फुगतं, रबर मात्र ओढून धरतं. हाताची थाप मारली की ताडपत्री ढोलकीसारखी वाजली पाहिजे. नुसती ताडपत्री ताणलीत आणि बाकी काही केलं नाहीत, तरी निम्मं काम झालं असं मी म्हणेन.

मागचा उतार महत्त्वाचा. चौकोनी थप्पीच्या मागे हवा एकदम तुटते, तिथं भोवरा होतो आणि तो गाडीला मागे खेचतो. पाठ हळूहळू उतरत गेली की हवा तिला चिकटून खाली येते. उतार मंदच हवा. घसरगुंडीसारखा केलात तर हवा पुन्हा सुटते.

"मग हौदा रिकामा असेल तर मागचा फाळका पाडायचा ना, हवा निघून जाईल?" हे तर दर वेळी येतं. नाही, फाळका लावूनच ठेवा. रिकाम्या हौद्यात थोडा पाचोळा टाकून गाडी पळवा आणि थांबून बघा. पाचोळा मागे उडून जाण्याऐवजी केबिनच्या भिंतीशी गोळा झालेला दिसतो. केबिनवरून आलेली हवा फाळक्याशी खाली वळते आणि तळावरून पुढे येते. हौद्यात हवेची एक गादी फिरत राहते आणि वरची हवा तिच्यावरून सरकते. फाळका पाडलात की गादी मोडते.

फरक किती? आमच्या गाडीला रिकाम्या परतीत, द्रुतगती मार्गावर, लिटरमागे साधारण एक किलोमीटर. भरल्या गाडीला त्याहून बराच कमी. मोजायचं टाकी फुल ते टाकी फुल, त्याच पंपावर, आणि एकदा कमान लावून एकदा काढून, असं आलटून पालटून. पावसाळ्यातले आकडे धरूच नका, पश्चिमेचा वारा सगळा हिशेब बिघडवतो. एकाच फेरीवर "चार किलोमीटर वाढले" म्हणणारे भेटतात, त्यांना मी चहा पाजतो आणि विषय बदलतो.

वेल्डिंग मात्र करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कायमचे फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. माझं सगळं सामान माल झाकण्याच्या साहित्यात मोडतं, दहा मिनिटांत उतरतं. हवा गाडीखाली शिरू नये म्हणून बंपरखाली रबराचा पडदा लावायचंही लोक सुचवतात. आपल्याकडच्या गतिरोधकांवर तो आठवडाभर टिकला तर मला कळवा.

आणि यातलं काहीच करायचं नसेल तर ८० ऐवजी ६५ नं चला. हवेची ओढ तेवढ्यानंच एक तृतीयांश कमी होते.

राहिला आमचा ड्रायव्हर. पहाटे वाशीत हमाल निघून गेल्यावर कॅरेट उतरत्या थरांनी लावायचे, कमानी खोवायच्या, पट्ट्या ताणायच्या, हे त्याच्या अंगावर पडतं. डिझेल वाचतं माझं, कंबर दुखते त्याची. म्हणून महिन्याच्या हिशेबात वाचलेल्या डिझेलचे निम्मे पैसे त्याला देतो. ते ठरल्यापासून ताडपत्री ढिली आहे असं सांगायची वेळ माझ्यावर आलेली नाही; उलट पट्ट्या जुन्या झाल्या की नवी ट्यूब आणायला तोच मागे लागतो.